२०० ग्रॅम बेकन, त्यातलं पाणी किती?

सांगलीत कोल्ड स्टोरेज म्हटलं की लोक बेदाण्याचा भाव विचारतात. त्यामुळे मिरज रस्त्यावरच्या एका दुकानात, फ्रीजरमध्ये चिकन नगेट्सच्या खाली बेकनचं, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचं, पाकीट दिसलं तेव्हा आधी तारीख वाचली, मग पैसे काढले. २०० ग्रॅम, ३४० रुपये.

दसरा होऊन दोनच दिवस झालेले. उपवासाची चार रताळी टोपलीत उरली होती, मंडईत पालक आणि कोवळी मेथी स्वस्त झाली होती. म्हटलं, पोटभरीचं सॅलड करू. आईला मटण चालतं, पण डुकराला तिचा तवा मिळत नाही. मी माझी जुनी कढई काढली.

बेकन थंड कढईतच टाकायचं आणि गॅस बारीक ठेवायचा. मग चरबी हळूहळू सुटते आणि पट्ट्या कुरकुरीत होतात. इथं मात्र पाचच मिनिटांत पांढरा फेस आला आणि कढईत चक्क पाणी साचलं. मिठाचं पाणी टोचून वजन वाढवलेल्या मालाचं असंच होतं. पट्ट्या तळायच्या ऐवजी शिजल्या. शेवटी काट्यावर ठेवल्या तर ७० ग्रॅम. चांगलं बेकनही आटून निम्म्याच्या खाली येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग चरबी तरी हाती लागावी! ती जेमतेम दीड चमचा.

पाकिटात आतून बर्फाचा चुराही होता, म्हणजे माल बहुधा एकदा वितळून पुन्हा गोठलेला. दुकानदाराला फोटो दाखवला. "साहेब, फ्रीजरमध्ये बर्फ असणारच की!" पाकिटाच्या आत का, यावर त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला अंडी मोजून दिली.

पुढच्या रविवारी त्याच दुकानातून, पण तळातलं, दुसऱ्या कंपनीचं जाड कापाचं पाकीट घेतलं. ४२० रुपये. यानं मात्र मन जिंकलं. धुराचा वास नाकाला लागतो, मीठ बेताचं, आणि २०० ग्रॅममधून तीन मोठे चमचे स्वच्छ चरबी. त्या गरम चरबीत मूठभर बेदाणे टाकले, ते टम्म फुगले. गॅस बंद करून चमचाभर फेसलेली मोहरी, अर्धं लिंबू, सुपारीएवढा गूळ. पालक-मेथीच्या पानांवर, भाजलेल्या रताळ्याच्या फोडींवर हे चर्रकन ओतलं की पानं जराशी मान टाकतात. तेवढीच टाकू द्यायची. वरून बेकनचे तुकडे आणि डाळिंबाचे दाणे. वेगळं मीठ अजिबात नको.

आई लांबून बघत होती. "ही फोडणीच की रे. मेथीचा घोळाणा केलास आणि नाव सॅलड ठेवलंस." बरोबर आहे तिचं. फक्त घोळाण्यात दाण्याचं कूट असतं, इथं बेकन.

तर दुकानाला पाचपैकी तीन. माल मिळतो हेच सांगलीत खूप, पण पाकीट हातात घेऊन हलवून बघा: आत बर्फ खुळखुळला तर परत ठेवा. पातळ कापाचं घेऊ नका. जाड कापाचं उघडल्यावर चार-पाच दिवसांत संपवायचं असतं. आमचं दुसऱ्याच दिवशी चाकवताच्या गरगट्यात गेलं, अर्थात माझ्याच कढईत.