१:२४ चा लाकडी खोली-संच: सांगाडा घ्या, बाकीचं जळगावात जमवा

ऑनलाइन दुकानांत ‘मिनिएचर हाउस’, ‘डीआयवाय रूम’ अशा नावांनी लेसरने कापलेल्या प्लायचे, घरी जोडून छोटी खोली करायचे संच मिळतात. त्यातल्या १:२४ मापाच्या, म्हणजे खऱ्यातले २४ सेंमी इथे १ सेंमी होतात अशा, स्वयंपाकघराच्या संचाबद्दल हे लिहिलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण तेच चित्र, तेच भाग आणि तोच खोका वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. नावापेक्षा आत काय येतं ते बघून घेतलेलं बरं. किंमत साधारण दीड ते अडीच हजारांच्या घरात. निकाल आधीच सांगतो: लाकडी सांगाडा आणि फर्निचर पैसे वसूल, गोंद आणि दिवे जेमतेम, आणि सूचनापत्रक ज्याने लिहिलं त्याने भुसावळचा मे महिना पाहिलेला नाही.

खोक्यात २ ते ३ मिमी जाडीच्या प्लायच्या शीट, भिंतींचे आणि डब्यांच्या लेबलांचे छापील कागद, कापडाचे तुकडे, फोम, मणी, तार, एलईडी, सेलचा डबा, चिमटा आणि बोटभर गोंदाची ट्यूब असते. सेल येत नाहीत. पारदर्शक झाकण बहुतेक वेळा वेगळं विकत घ्यावं लागतं, जाहिरातीतल्या फोटोत मात्र ते हमखास असतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी यादीशी एकेक शीट ताडून बघा. भाग कमी आहे हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर परत करण्याची मुदत केव्हाच संपलेली असते.

सांगाडा खरोखर चांगला आहे. खुर्चीचे २ मिमीचे पाय, कपाटाच्या दाराची जाळी, मांडणीच्या फळ्या हे हाताने ब्लेडने कापायला गेलं तर दहातले सात तुटतात. इथे लेसरने ते साफ कापून येतं. पण कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात. ती काजळी बोटाला लागते, बोटावरून भिंतीच्या कागदाला लागते, आणि मग पुसायला गेलं की पसरते. म्हणून प्रत्येक भागाची कड २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-तीनदा ओढून घ्या, ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या ब्रशने झटका, आणि मगच कागदाकामाला बसा. भाग शीटमधून पिळून काढू नका. तो जिथे बारीक दुव्याने अडकलेला असतो तिथे ब्लेडचं टोक दाबा. सगळे भाग एकदम मोकळे करून ठेवले तर नंबर हरवतात आणि डावं-उजवं कळत नाही. लागेल तेवढीच शीट फोडा.

गोंद लावण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघायचा. जीभ खाचेत घट्ट जात असेल तर जीभ घासा, खाच कोरू नका. जोर करून दाबलं की प्लायचा वरचा पापुद्रा उचलतो आणि तो नेमका दर्शनी बाजूला उचलतो. पावसाळ्यात प्लाय किंचित फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात सैल वाटणारा जोड जुलैत हट्टीपणा करतो.

आता गोंद, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. संचातल्या ट्यूबवर वेळ घालवू नका. लाकूड आणि कागदाला फेविकॉल एमआर, धातू आणि अॅक्रिलिकला फेविबाँड, आणि अगदीच नाइलाज असेल तिथे फेविक्विक, एवढी तीन पुरतात. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत पांढऱ्या गोंदाच्या पातळ थरावर मिनिटभरात साय धरते. तुम्ही भाग उचलून जागेवर ठेवेपर्यंत वरची साय वाळलेली असते. जोड बसल्यासारखा दिसतो, पण दुसऱ्या दिवशी बोट लागलं की खट्कन सुटतो. उपाय सोपा आहे. गोंद एका वेळी एकाच जोडाला लावा, बाटलीच्या झाकणभर गोंदात दोन थेंब पाणी मिसळा, आणि काम सकाळी लवकर किंवा रात्री करा. जोड दहा-पंधरा मिनिटं धरून किंवा कपड्याच्या चिमट्यात ठेवा, आणि चोवीस तास त्याच्यावर वजन टाकू नका.

फेविक्विकचं उलटं आहे. त्याला पकडायला हवेतली ओल लागते. कोरड्या उन्हाळ्यात ते रेंगाळतं, माणूस आणखी दोन थेंब टाकतो आणि जास्तीचं ओघळून खुर्चीच्या पायाखाली जमतं. पावसाळ्यात ते झटकन धरतं, पण त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकी भुकटी बसते. काचेजवळ, आरशाजवळ आणि झाकणाच्या आत म्हणून ते वापरूच नये. आणि कापसाच्या गादीला किंवा सुती कापडाला तर कधीच नाही: सुताशी त्याची क्रिया होऊन ते चटका बसण्याइतकं तापतं, धूरही निघतो. कापूस हे आपल्याकडचं हाताशी असलेलं सामान, त्यामुळे ही चूक इथे सहज होते.

कूलरचं काय? कूलरसमोर काम करू नका. कागदाचे तुकडे उडतात हा त्रास किरकोळ. खरा त्रास असा की ओलसर वारा एका बाजूने लागून पातळ प्लाय वाकते. पंखाही भिंतीचा कागद चिकटवताना बंदच असू द्या.

भिंतीचा कागद ओला झाला की ताणतो, वाळला की आवळतो, आणि २ मिमीची भिंत आपल्याबरोबर ओढून घेतो. नवशिक्यांच्या खोलीच्या भिंती आत झुकलेल्या दिसतात त्याचं कारण एवढंच. भिंतीच्या मागच्या बाजूलाही साधा कागद त्याच वेळी चिकटवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी होते. मग दोन जाड पुस्तकांमध्ये प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर दाबून ठेवा. गोंद ब्रशने भिंतीला लावायचा, कागदाला नाही.

दिवे हा संचाचा लंगडा भाग. वायर केसाएवढी, सोल्डरिंग कच्चं, आणि सूचनापत्रकात ते सगळ्यात शेवटी दाखवलेलं. तोवर भिंती उभ्या झालेल्या असतात. क्रम बदला. आधी प्रत्येक एलईडी सेलवर लावून तपासा. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. उलट जोडली तर एलईडी पेटणारच नाही. कागद लावण्याआधी वायर भिंतीच्या मागून नेऊन टेपने बसवा आणि प्रत्येक टोकाला ४ ते ५ सेंमी जास्तीची ठेवा. काही संचांत सीआर २०३२ चा बटण सेल लागतो. त्याची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. तीन दिवे मिळून ३० ते ४५ मिलीअँपिअर ओढत असतील तर पाच-सात तासांत तो मंदावतो. रिमोटमधल्या बारीक सेलची जोडी याच्या तीन-चार पट टिकते. कायमचं करायचं असेल तर मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवा, मात्र प्रत्येक एलईडीला १५० ओहमचा रेझिस्टर लावून. पिवळसर उजेडाचा पांढरा (वॉर्म व्हाइट) एलईडी ३ व्होल्टवर चालतो, उरलेले २ व्होल्ट रेझिस्टर घेतो आणि प्रवाह १३ मिलीअँपिअरच्या आसपास राहतो. सोल्डरिंग गन नसेल तर जळगावात गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे एवढं काम सहज होऊन जातं. घरात लहान मूल असेल तर बटण सेलचा संच घेऊच नका. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आता सजावट. संचातलं स्वयंपाकघर ओव्हन, पिझ्झा आणि गाजरांचं आहे. छान दिसतं, पण तसंच मांडलं तर शेल्फावर एक परकी खोली तेवढी बसते. सांगाडा तोच ठेवून त्यात खानदेशी स्वयंपाकघर करता येतं आणि आमच्या मते हा संच घेण्याचं तेच खरं कारण आहे. उतरतं छप्पर बसवूच नका. आपलं धाब्याचं घर वर सपाट असतं, त्यामुळे त्रिकोणी भागांची कटकट वाचते. आइसक्रीमच्या काड्या लांबीत अर्ध्या चिरून छताच्या कड्या (आडव्या तुळया) करा, त्यांवर शीटमधले उरलेले प्लायचे तुकडे, त्यावर मातीचा लेप.

माती निवडताना चूक होते. वावरातली काळी माती घेतली तर वाळताना आक्रसते आणि लेपाला उन्हाळ्यातल्या कपाशीच्या रानासारख्या भेगा पडतात. पांढरी किंवा पिवळसर माती घ्या, चहाच्या गाळणीने दोनदा चाळा. दोन चमचे माती, एक चमचा फेविकॉल, अर्धा चमचा पाणी. अर्ध्या मिलिमीटरचा एक थर सावलीत वाळवून मग दुसरा. एकदम जाड थापलं की पोपडा सुटतो. जमीन सारवलेली दाखवायची तर याच मिश्रणात हिरवट-तपकिरी रंगाचा थेंब टाका, आणि ओलं असताना जुन्या टूथब्रशचे केस कापून त्याने एकात एक अर्धवर्तुळं ओढा. सारवणाऱ्या हाताचा फेर साधारण ७० सेंमीचा धरला तर इथे तो ३ सेंमीचा हवा. बहुतेक जण तो ६-७ सेंमीचा काढतात आणि मग अख्खी खोली ठेंगणी वाटते.

मापाचा हा घोळ भांड्यांत सगळ्यात जास्त होतो. घरात भातुकलीची पितळी भांडी असतात, ती ठेवावीशी वाटतात. पण ४ सेंमीचा भातुकलीचा हंडा १:२४ च्या खोलीत ९६ सेंमीचा होतो, म्हणजे माणसाच्या कमरेएवढा. तोच १:१२ च्या खोलीत ४८ सेंमीचा, अगदी योग्य. भातुकली वापरायची असेल तर १:१२ चा संच शोधा; तो महाग आहे आणि चौपट जागा खातो. १:२४ साठी भांडी स्वतः करावी लागतात. १०, ८, ६ आणि ४ मिमीचे लाकडी मणी टाचणीवर एकावर एक बसवून गेरू आणि पातळ फेविकॉलने रंगवले की उतरंड तयार. मणी, लेस, इमिटेशनच्या सोनेरी कॅप हे सगळं जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याला पाचकंदील भागात फिरलं की मिळतं. खापरासाठी (मांडे भाजायचं मातीचं उपडं भांडं) २५ मिमीच्या मोठ्या गोटीला खोबरेल चोळा, वर एम-सीलची पातळ पोळी दाबा आणि १९ मिमी व्यासावर कड कापा. ताठ झालं की गोटीवरून अलगद सुटतं. उन्हाळ्यात एम-सील लवकर आवळतं, म्हणून चण्याएवढंच मळा. हवेत वाळणारी क्ले इथल्या उन्हाळ्यात तडकतेच. वापरायची तर ओल्या फडक्याखाली हळू वाळवा.

चूल १७ मिमी रुंद. सरपणाला झाडूची काडी घ्या: कपाशीची काडी बोटाएवढी, ती या मापात अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. शेजारी भरताचं वांगं हवंच, ७-८ मिमीचं, आणि ते जांभळं नाही, फिकट हिरवं. पांढऱ्या रेषा टाचणीने ओढा. लिंबाला पिवळी मोहरी चपखल. खानदेशातल्या कानबाई देवीचा चौरंग मांडायचा असेल तर १९ मिमीचा चौकोन आणि नारळाच्या जागी काळी मिरी, अगदी ५ मिमीची, वर सुरकुत्या आयत्याच. मोहरी आणि मिरी दोन्हींवर नेलपॉलिशचा पारदर्शक हात मारा. डाळ, बाजरी असलं खरं धान्य ठेवू नका, बंद झाकणात सोंडे होतात.

बाजेसाठी ७५ मिमीची चौकट पुरते. सुतळी नव्हे, शिवणाचा दोरा विणा. संचातलं फुलाफुलांचं कापड फेकून द्या, त्यावरचं १ सेंमीचं फूल खोलीत पाव मीटरचं दिसतं. गोधडी जुन्या सुती साडीच्या एकाच पदराची करा आणि टाके शिवू नका, बारीक जेल पेनाने काढा. खरा टाका या मापात सुईच्या टोकापेक्षा बारीक व्हायला हवा.

झाकण घेणार असाल तर सगळं चिकटवून झाल्यावर तीन दिवस खोली उघडी राहू द्या. गोंदाची वाफ आत अडकली की अॅक्रिलिकला धूसरपणा येतो आणि तो जात नाही. दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म शेवटीच सोला. पुसायला थिनर किंवा स्पिरिट नको, कोरडं फडकंही नको. ओलसर मऊ कापड एकाच दिशेने. वैशाखातल्या धुळीत झाकण नसलेली खोली महिन्याभरात करडी पडते, म्हणून झाकणाचे तीन-चारशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही. पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, विशेषतः ग्लू गनने काही चिकटवलं असेल तर. तो गोंद उष्णतेने मऊ पडून सगळ्यात आधी दिवा खाली येतो.

एकंदर वीस-पंचवीस तासांचं काम आहे, शिवाय वरखर्च तीन-चारशे. चौदा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने देण्यासारखं नाही: ब्लेड आहे, फेविक्विक आहे, चिमट्याने पकडायचे भाग आहेत. पहिलाच संच असेल तर ‘पुस्तकांचं दुकान’ किंवा ‘फुलांचं दुकान’ या जातीचा घेऊ नका. त्यात निम्मा वेळ नखाएवढे कागद दुमडण्यात जातो. स्वयंपाकघर किंवा साधी बैठक घ्या, आणि मागवायचाच असेल तर दिवाळीनंतर मागवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली हवा गोंदाला सगळ्यात मानवते.