सर्ज एक्सटी : प्रीसेटच्या मांडणीच्या कसोटीवर
सिंथेसायझरमध्ये हजारो प्रीसेट (तयार करून साठवलेले ध्वनी) असण्यापेक्षा हवा तो ध्वनी ऐन वेळी सापडणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्या कसोटीवर २०१८ मध्ये मुक्तस्रोत झालेला सर्ज हा मोफत सॉफ्टवेअर सिंथ, त्याच्या एक्सटी आवृत्तीत, मला मनापासून आवडला. फॅक्टरीचे (म्हणजे सिंथसोबतच येणारे), इतर निर्मात्यांचे आणि स्वतःचे प्रीसेट तो वेगवेगळे ठेवतो; आपल्या फोल्डरमध्ये बास, लीड, पॅड असे ध्वनिप्रकारांनुसार उपफोल्डर केले, की तेच मेनूमध्ये वर्ग म्हणून दिसतात, त्यामुळे सगळा संग्रह दुसऱ्या संगणकावर नेण्यासाठी तो एक फोल्डर उचलला तरी पुरते. आवडत्या प्रीसेटवर खूण करण्याची आणि नावाने शोधण्याची सोयही आहे. टॅग मात्र मोकळ्या मजकुरात लिहायचे असल्याने ‘उबदार’, ‘धारदार’ अशी विशेषणे सुरुवातीलाच ठरवून घ्यावीत, अन्यथा एकाच प्रकारचे ध्वनी निरनिराळ्या शब्दांखाली विखुरतात.