‘जंतुरोधक’ स्क्रब: तीन महिन्यांच्या वापरानंतर

अतिदक्षता विभागात परिचारिकेचे काम करताना अंगावरचा कपडा कशाकशाला लागला, याचा हिशेब ठेवता येत नाही. रुग्णाला कुशीवर वळवताना पोटाजवळचा भाग पलंगाच्या कठड्याला घासतो आणि थोड्या वेळाने पेन काढायला हात त्याच बाजूच्या खिशात जातो. म्हणूनच ‘चांदीच्या कणांची प्रक्रिया केलेला, 99.9 टक्के जंतू मारणारा’ अशी जाहिरात असलेला स्क्रबचा, म्हणजे रुग्णालयात कामावर घालायच्या सैलसर सदरा-पायजम्याचा, एक जोड मी 2,400 रुपयांना मागवला. कपडा हलका आहे, इस्त्री लागत नाही, पावसाळ्यातही रातोरात वाळतो आणि शिवण अजून उसवलेली नाही. तेवढ्यापुरती माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दाव्याविषयी. अशा कापडाच्या चाचणीत प्रयोगशाळेत तुकड्यावर जंतू सोडतात, तो साधारण 18 ते 24 तास उबदार, दमट वातावरणात ठेवतात आणि मग किती जंतू उरले ते मोजतात. माझी पाळी आठ तासांची असते आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जायला मला अर्धे मिनिटही लागत नाही.

प्रत्यक्ष वॉर्डात काय घडते, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभागातील 40 परिचारिकांनी साधा स्क्रब आणि दोन प्रकारचे जंतुरोधक स्क्रब आळीपाळीने, बारा-बारा तासांच्या पाळीत घातले. कपड्यांवरील जंतूंच्या प्रमाणात तिन्ही प्रकारांत लक्षणीय फरक आढळला नाही. जंतू प्रामुख्याने बाह्यांवर, खिशांवर आणि पलंगाच्या कठड्यांवर सापडले, हे वाचून आमच्यापैकी कोणालाही आश्चर्य वाटू नये. कपड्यावर जंतू सापडणे आणि त्या कपड्यामुळे रुग्णाला संसर्ग होणे या दोन गोष्टी अर्थात एक नव्हेत, आणि दुसरीचा थेट पुरावा आजही तोकडा आहे. मात्र सिनसिनाटीच्या संशोधकांनी 2000 साली रुग्णालयातील कापड आणि प्लास्टिकवर स्टॅफिलोकोकस व एन्टरोकोकस हे जंतू किती काळ टिकतात ते तपासले, तेव्हा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या प्रकारांसह सगळे जंतू किमान एक दिवस टिकले होते, काही तर 90 दिवसांहून अधिक. त्यामुळे कपडा कसा धुतला जातो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

नेमकी तिथेच या स्क्रबची मोठी अडचण आहे. आतल्या पट्टीवर ‘30 अंशांपेक्षा गरम पाणी नको, ब्लीच नको’ अशी सूचना आहे, कारण त्याने प्रक्रियेचा थर निघून जातो. ब्रिटनच्या आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनानुसार रुग्णालयातील कपड्यांना 65 अंशांवर किमान 10 मिनिटे किंवा 71 अंशांवर किमान 3 मिनिटे धुलाई मिळायला हवी. म्हणजे जंतू मारणारा थर जपायचा, तर जंतू मारणारे पाणी वापरायचे नाही! आमच्या वॉर्डातील मावशींना ही पट्टी दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “सिस्टर, मग हा देव्हाऱ्यातच ठेवा.”

बेतणीत एक गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे. बाही कोपराच्या बरीच वर संपते, त्यामुळे मनगटापर्यंत हात नीट धुता येतो. इंग्लंडमध्ये 2007 साली कोपराखाली बाही, घड्याळ, अंगठी नको असा जो नियम जाहीर झाला, त्यामागचा व्यवहार्य विचार हाच होता. लांब बाह्यांचा एप्रन आठवडाभर न धुता घालणाऱ्या आमच्या निवासी डॉक्टरांनी निदान एवढे तरी उचलावे. पण याच स्क्रबला पाच खिसे का दिले आहेत, ते मला कळलेले नाही.

एवढ्याच पैशांत मी आता साध्या सुती कापडाचे तीन जोड शिवून घेतले आहेत. ते ड्युटी संपल्यावर रुग्णालयाच्या धुलाईत टाकते आणि घरच्या कपड्यांत घरी जाते. धुलाईच्या सूचनेबद्दल विक्रेत्याला दोनदा इमेल पाठवला होता; उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.