हर्ट्झ खरे, नॅनोग्रॅम खोटे: क्वार्ट्झच्या तराजूबरोबर चार महिने

बावीस वर्षं मी व्हॅक्यूम कोटिंगच्या यंत्रावर काढली. भिंगांवर धातूचे थर चढवायचे, आणि थर किती जाड झाला ते सांगायला चेंबरच्या आत क्वार्ट्झची एक चकती बसवलेली असायची. आम्ही तिला नुसतं ‘क्रिस्टल’ म्हणायचो. क्रिस्टल मेला, क्रिस्टल उड्या मारतोय, क्रिस्टल बदल. ती चकती थर मोजते कशी, याची फिकीर कधी केली नाही. हवा तो आकडा दिसला की शटर बंद, विषय संपला. नोकरी संपल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा हेच तंत्र टेबलावर ठेवून खेळता येईल असं किट मागवलं. किटचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि विक्रेता अजून माझ्या पत्रांना उत्तर देतोय. ते बंद पडायला नको.

पेटीत साबणाच्या डबीएवढं इलेक्ट्रॉनिक्स, क्रिस्टल धरायचा साचा, ५ मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख वेळा कंपणारे, सहा क्रिस्टल (तीन घासलेल्या पृष्ठाचे, तीन आरशासारखे पॉलिश केलेले), एका छोट्या बोर्डावर चिकटवलेली पृष्ठलहरींची (स्फटिकाच्या पृष्ठालगत धावणाऱ्या लहरींची) चिप, यूएसबी केबल आणि आठ पानी पुस्तिका. पुस्तिकेतली तीन पानं सुरक्षेच्या सूचनांची आहेत.

क्रिस्टल २५.४ मिमी व्यासाचा आणि जेमतेम ०.३३ मिमी जाड, दोन्ही अंगांना सोन्याचे इलेक्ट्रोड. क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं: विद्युतदाब दिला की क्वार्ट्झचा आकार किंचित बदलतो. इथे तेच दोन इलेक्ट्रोड धक्का देतात आणि तेच कानोसा घेतात. चकती ज्या कोनात कापलेली असते (एटी कट म्हणतात, साधारण ३५ अंश १५ मिनिटं), त्यामुळे ती फुगत-आकसत नाही. पत्त्यांचा जुडगा तळहाताखाली सरकवावा तशी तिची वरची बाजू एकीकडे आणि खालची दुसरीकडे सरकते. ही सरकती लहर क्वार्ट्झमध्ये सेकंदाला सुमारे ३,३४० मीटर धावते. अर्धी लहर चकतीच्या जाडीत बरोबर मावली की ५ मेगाहर्ट्झचा सूर लागतो. वर एखादा थर बसला की चकती जणू जाड झाली, सूर उतरला. किती उतरला यावरून वजन काढायचं सूत्र साउरब्रे यांनी १९५९ मध्ये मांडलं. ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला हिशेब असा: १ हर्ट्झ उतरला तर दर चौरस सेंटिमीटरला १७.७ नॅनोग्रॅम.

पहिल्या संध्याकाळी पहिला क्रिस्टल फुटला. चूक साच्याची आहे. क्रिस्टल दोन ओ-रिंगांमध्ये (रबरी कड्यांमध्ये) बसतो आणि वरून चार स्क्रू आवळायचे असतात. किती आवळायचे ते पुस्तिकेत नाही, आणि आवळणं थांबवणारा टप्पा साच्यात नाही. चौथ्या स्क्रूला ‘टिक’ असा बारीक आवाज आला. आता मी समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा देतो आणि फ्रिक्वेन्सी बघत राहतो. ती एका जागी स्थिरावली की हात काढून घेतो. तरीही काढून पुन्हा बसवलं की आकडा १५ हर्ट्झ इकडे-तिकडे होतोच, कारण ओ-रिंगचा ताण दर वेळी थोडा वेगळा पडतो. कोटिंगच्या यंत्रात क्रिस्टल एका जागी बसून राहायचा, त्यामुळे हे दुखणं मला ठाऊकच नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. अर्धा तास गरम होऊ दिलं की कोरड्या क्रिस्टलचा आकडा मिनिटभर अर्ध्या हर्ट्झच्या आत राहतो. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असला तर थोडा थरथरतो, चार्जर काढा.

कसोटी घ्यायची तर ओळखीच्या धातूने घ्यावी. जुन्या सहकाऱ्याला गळ घालून त्याच्या चेंबरमध्ये एका पॉलिश क्रिस्टलच्या पूर्ण तोंडावर ४५ नॅनोमीटर ॲल्युमिनियम चढवून घेतलं. ॲल्युमिनियमची घनता २.७, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १२.१५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६८६ हर्ट्झ उतरायला हवेत. उतरले ६७९. पुन्हा बसवण्यातली १५ हर्ट्झची गफलत धरली तर याहून जास्त मागणं हावरटपणा होईल. स्क्रीनवर ‘वस्तुमान’ नावाच्या चौकटीत ६०.९ मायक्रोग्रॅम आलं. पूर्ण चकतीचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंमी, हिशेब जुळला, मी खूश.

खुशी पुढच्याच आठवड्यात उतरली. दुसऱ्या क्रिस्टलवर तोच थर, पण मधोमध ६ मिमीचं भोक असलेला पत्रा झाकून, फक्त मधल्या ठिपक्यावर चढवला. फ्रिक्वेन्सी ६७२ हर्ट्झ उतरली आणि स्क्रीन म्हणाली ६०.३ मायक्रोग्रॅम. धातू आधीच्या अठराव्या हिश्श्याएवढा, वजन तेवढंच!

गोम अशी की चकती सगळी कंपत नाही. दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड जिथे एकमेकांच्या समोर येतात तेवढाच मधला भाग सरकतो, आणि या क्रिस्टलवर तो ६ मिमी व्यासाचा आहे, ०.२८ चौरस सेंमी. बाहेर काय पडलंय याच्याशी क्रिस्टलला देणंघेणं नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मात्र पूर्ण चकतीचं क्षेत्रफळ गुणून ठेवलंय आणि ते बदलायची सोय दिलेली नाही. त्या ६ मिमीच्या आतसुद्धा सगळं सारखं नसतं. मार्करचा बारीक ठिपका मधोमध दिला तर ६२ हर्ट्झ उतरले. तेवढाच ठिपका काठाशी दिला तर ९. मध्यभागी सरकणं सर्वांत जास्त, काठाकडे विरत जातं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे परीक्षण ‘सॉफ्टवेअर सुधारा’ या एका ओळीत आटोपलं असतं. पण मग मी पाणी घातलं.

साच्याच्या वरच्या बाजूला पाण्यासाठी छोटी विहीर आहे. घासलेल्या पृष्ठाचा क्रिस्टल लावला, पिपेटने मिलिलिटरभर पाणी सोडलं, फ्रिक्वेन्सी ७३१ हर्ट्झ उतरली. स्क्रीनवर ६५.६ मायक्रोग्रॅम. आता मिलिलिटरभर पाण्याचं वजन एक ग्रॅम. मग हे ६५ मायक्रोग्रॅम कुणाचे? क्रिस्टलची लहर पाण्यात शिरते खरी, पण पाणी सरकत्या धक्क्याला दाद देत नाही. साधारण २५० नॅनोमीटरवर ती विरून जाते. त्याच्या वर मिलिमीटरभर पाणी असो की हातभर, क्रिस्टलला पत्ता नसतो. त्याला जाणवतात ते पाण्याची घनता आणि चिकटपणा, दोन्ही मिळून. याचं सूत्र कानाझावा आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये दिलं. माझ्या खोलीत तेव्हा २३ अंश होते, त्या हिशेबाने ६८८ हर्ट्झ उतरायला हवेत.

म्हणजे ४३ हर्ट्झ जास्त. दोन दिवस बुडबुडे शोधण्यात घालवले.

सुगावा लागला तो ‘प्रगत’ मेन्यूत दडवलेल्या ‘स्वीप’ नावाच्या खिडकीत. मला विचाराल तर या किटमधली हीच एक गोष्ट खरी सोन्याची. तिथे नुसती फ्रिक्वेन्सी नाही, अनुनादाचं अख्खं शिखर दिसतं, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला क्रिस्टल किती जोरात कंपतो त्याचा आलेख. कोरड्या क्रिस्टलचं शिखर सुईसारखं, माझ्याकडे ७० हर्ट्झ रुंद. पाणी घातलं की ते बसकं होऊन १,४५० हर्ट्झपर्यंत फाकतं, कारण पाणी कंपनातली ऊर्जा खात असतं. साध्या, पातळ द्रवाचा नियम असा की फ्रिक्वेन्सी जितकी उतरेल तितकीच शिखराची अर्धी रुंदी वाढते. माझी अर्धी रुंदी वाढली ६९० ने. सूत्राच्या ६८८ शी चोख! उरलेल्या ४१ हर्ट्झनी शिखर रुंद केलं नव्हतं, म्हणजे ते ऊर्जा न खाता नुसतं ओझं झालेलं काहीतरी होतं. घासलेल्या पृष्ठाच्या चरांत अडकून चकतीबरोबरच हलणारं पाणी, असा माझा कयास. पॉलिश क्रिस्टल लावला तेव्हा ६९४ आले. पॉलिशवालेच मागवा, एवढंच सांगेन.

आता हे आकडे शेजारी ठेवा. ४५ नॅनोमीटर ॲल्युमिनियम: ६७९ हर्ट्झ. पाणी: ६९४ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सीच्या खिडकीत दोन्ही जवळजवळ सारखे, वस्तुमानाच्या चौकटीत तर सख्खे भाऊ. पण ॲल्युमिनियम लावल्यावर शिखर होतं तसंच सुईसारखं राहिलं, पाण्याने त्याचा डोंगर केला. साउरब्रेचं सूत्र क्रिस्टलला घट्ट चिकटून त्याच्याबरोबर हलणाऱ्या पातळ, कडक थरासाठी आहे. ती अट पाळली जातेय की नाही हे शिखराची रुंदीच सांगते, आणि ती या किटने तिसऱ्या मेन्यूत पुरून ठेवलीय. नॅनोग्रॅमचा आकडा मात्र लाल रंगात, स्क्रीनच्या मधोमध.

हा आकडा किती फसवा आहे याची एक सकाळ सांगतो. पाणी भरलेला क्रिस्टल रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी खोलीत ऊन आलं, पाणी तीन अंशांनी तापलं, पातळ झालं आणि फ्रिक्वेन्सी २५ हर्ट्झ चढली. दर अंशाला साधारण ८ हर्ट्झ पडतात, पाण्याच्या चिकटपणामुळे. स्क्रीनवर वस्तुमान उणे २.२ मायक्रोग्रॅम. ज्या पृष्ठावर काही चिकटलंच नव्हतं, त्यावरून सव्वादोन मायक्रोग्रॅम झडले म्हणे! उद्या कुणी याच विहिरीत प्रथिनं सोडून ती सोन्यावर किती बसली ते मोजायला निघेल, आणि त्याला उन्हाची तिरीप प्रथिनांसारखी दिसेल. क्रिस्टलला स्वतःला तापमानाचं फारसं काही वाटत नाही, एटी कट त्याचसाठी असतो. पण पाण्याला कट नसतो. साच्यात तापमान मोजायची साधी सोयही नाही. मी विहिरीच्या भिंतीला बाहेरून थर्मिस्टर (तापमान मोजायचा छोटा सेन्सर) चिकटवलाय. दिसायला वाईट, पण काम करतो.

पृष्ठलहरींची चिप बिचारी दुर्लक्षित राहिली. लिथियम नायोबेटचा तुकडा, त्यावर धातूच्या बोटांच्या दोन कंगव्या एकमेकींत गुंतलेल्या. पृष्ठालगत धावणाऱ्या लहरींचं गणित रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं, आणि अशा कंगव्यांनी त्या थेट स्फटिकावर उठवायची युक्ती व्हाइट आणि व्होल्टमर यांची, १९६५ ची. १०० मेगाहर्ट्झला लहर ४० मायक्रोमीटरची पडते, एकेक बोट १० मायक्रोमीटर रुंद. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कंगवा स्वच्छ दिसतो आणि बघत बसावासा वाटतो. लिथियम नायोबेटच्या या कटला तापमान भलतंच जाणवतं, अंशाला साडेसात किलोहर्ट्झच्या आसपास. न टेकवता बोट जवळ धरलं तरी आकडा घसरायला लागतो. एकदा तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, सिग्नल गप्प. या लहरीत पृष्ठ वर-खालीही होतं, ते पाण्याला ढोसतं आणि सगळी ऊर्जा आवाज होऊन पाण्यात निघून जाते. द्रवात काम करणाऱ्या चिपांमध्ये म्हणून आडवी सरकणारी लहर वापरतात. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही; उलट मुखपृष्ठावर त्याच चिपवर निळा थेंब छापलाय.

विक्रेत्याला क्षेत्रफळाची चूक आकड्यांसकट लिहून पाठवली. तीन दिवसांत उत्तर आलं, गोड होतं: पुढच्या आवृत्तीत क्षेत्रफळ बदलता येईल. स्वीपची खिडकी पहिल्या पानावर आणा म्हणालो, त्यावर ‘सामान्य वापरकर्त्याला ती गोंधळात टाकते’ असं कळवलं. साच्याला थांबा द्यायच्या मागणीवर काहीच नाही.

तोवर मी वस्तुमानाच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवलीय आणि डेटा फाइलमधून फक्त फ्रिक्वेन्सी आणि रुंदी उचलतो. सध्या लाकूडकामाचा पांढरा गोंद पातळ करून पॉलिश क्रिस्टलवर पसरलाय. पहिल्या वीस मिनिटांत शिखर इतकं फाकलं की सॉफ्टवेअरने ‘क्रिस्टल सापडत नाही’ म्हणून हात टेकले. दोन तासांनी गोंद वाळायला लागला, तसं ते पुन्हा धुक्यातून वर आलं. आत्ता ३१० हर्ट्झ रुंद आहे आणि दर पाच मिनिटांनी थोडं थोडं अरुंद होतंय.