लॅपटॉपच्या फंक्शन की आणि टॅलीचे काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

मदरबोर्ड बिघडल्यामुळे वॉरंटीत तो बदलून माझा लॅपटॉप सेवाकेंद्रातून परत आला, त्याच संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीची नोंद करण्यासाठी एफ८ दाबली आणि व्हाउचर उघडण्याऐवजी पडद्यावर आवाजाची पट्टी वर चढली. खरेदी केल्यावर पहिल्याच आठवड्यात बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन एफ-कळा थेट चालाव्यात अशी जी व्यवस्था मी लावून घेतली होती, ती जुन्या बोर्डाबरोबरच गेली. प्रोसेसर, रॅम, पडदा यांविषयी माझी तक्रार नाही. या किमतीत जे मिळायला हवे ते मिळाले आहे. मला लिहायचे आहे ते वरच्या ओळीतील बारा कळांविषयी, कारण माझा बहुतेक दिवस त्यांच्यावरच जातो.

मी बेळगावातील लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. उद्यमबागेत फाउंड्रीचे सुटे भाग करणारे, रविवार पेठेतील घाऊक दुकानदार, शहापुरातील साडीवाले असे माझे पक्षकार आहेत. टॅलीप्राइममध्ये एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. हे बोटांना इतके पाठ झालेले असते की नजर बिलावरून हलतही नाही. कारखान्यातून येणाऱ्या व्यवस्थेत याच कळा प्रकाश, आवाज आणि विमान मोड यांना दिलेल्या असतात आणि त्यांचे मूळ काम करून घेण्यासाठी प्रत्येक वेळी खालच्या कोपऱ्यातली एफएन (Fn) ही कळ दाबून धरावी लागते. क्रेडिट नोटसाठी ऑल्ट आणि एफ६ पुरेशी असताना तिथे तीन कळा एकदम दाबण्याची कसरत होते. एक्सेलमध्येही तेच: सेल दुरुस्त करायला एफ२, सूत्रातला पत्ता पक्का करायला एफ४, आणि दोन्ही दाबल्यावर भलतेच काही घडते.

सर्वांत त्रासदायक आहे ती एफ१२. टॅलीत ती कॉन्फिगरेशनची कळ, आणि या लॅपटॉपवर तिच्यावर विमानाचे चित्र आहे. आमच्याकडचा माल हुबळीपेक्षा जवळ असलेल्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडला निघाला तरी राज्याची सीमा ओलांडतो, त्यामुळे बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो आणि माल पन्नास हजारांच्या वरचा असला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला काढावा लागतो. ट्रक भरून उभा असताना, टॅलीतून ई-वे बिल जात असतानाच चुकून एफ१२ दाबली जाते, इंटरनेट तुटते, आणि बिल तयार झाले की नाही हे पुन्हा पोर्टलवर जाऊन तपासावे लागते. एका कळेने एवढे नुकसान व्हावे, हे मला मान्य नाही.

सेवाकेंद्रात फोन करून मी पूर्वीची व्यवस्था लावून देण्याची विनंती केली. वॉरंटीत केवळ सुटे भाग येतात, सेटिंग ही वेगळी सेवा आहे आणि तिचे सहाशे रुपये होतील, असे उत्तर मिळाले. बोर्ड बदलल्यावर बायोस मूळ स्थितीला जाणार हे त्यांना ठाऊक असते. मग जॉबशीटवर तशी एक ओळ लिहिली असती तरी ग्राहकाची अर्धी चिडचिड वाचली असती. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर नव्या बोर्डावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, याविषयीही कुणी अवाक्षर काढले नाही. ती की सहसा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवावी.

सहाशे रुपये मी दिले नाहीत, कारण काम पाच मिनिटांचे आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथून ॲडव्हान्स्ड स्टार्टअप आणि पुढे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असे गेले की लॅपटॉप थेट बायोसमध्ये उघडतो. तिथे या पर्यायाला एचपीमध्ये ‘ॲक्शन कीज मोड’, लेनोव्होमध्ये ‘हॉटकी मोड’, डेलमध्ये ‘फंक्शन की बिहेवियर’ असे नाव असते. पहिले दोन बंद करायचे, तिसऱ्यात फंक्शन की निवडायची आणि जतन करून बाहेर पडायचे. विंडोजमध्येच हा पर्याय का नाही, असे अनेक जण विचारतात. एफएन ही कळ सहसा कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपपाशीच थांबते आणि विंडोजपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून कळा बदलणारी सॉफ्टवेअरेही तिच्यापुढे बहुधा निरुपयोगी ठरतात. मॅकचा कीबोर्ड आणि यंत्रणा एकाच कंपनीची असल्यामुळे तिथे मात्र ही निवड साध्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मिळते.

कंपनीने ही व्यवस्था उलटी दिली आहे, असे माझे सुरुवातीचे मत होते. पीयूसीला (अकरावी-बारावीला) असलेली पुतणी संध्याकाळी याच लॅपटॉपवर व्याख्याने ऐकू लागली, तेव्हा ते बदलले. तिला आवाज आणि प्रकाश दर दोन मिनिटांनी लागतो, एफ८ कधीच लागत नाही, आणि बाजारात माझ्यापेक्षा तिच्यासारखे ग्राहक जास्त आहेत. आता ती एफएन आणि एस्केप एकत्र दाबून कळांचे काम पालटते आणि उठताना पुन्हा पूर्ववत करते. बायोसमध्ये न शिरता दोघांचे भागते, हे मला मनापासून आवडले.

तरीही या सोयीत एक उणीव आहे आणि ती मी लहान मानत नाही. एस्केपवर कुलपाचे बारीक चित्र छापलेले आहे, दिवा मात्र नाही. त्याच कीबोर्डवर कॅप्स लॉकला दिवा आहे, माइक बंद करण्याच्या कळेलाही आहे. फंक्शन की सध्या कोणत्या स्थितीत आहेत हे मात्र एखादी दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकी एफ१२ दाबली गेली तर नेट जाते. पडद्यावर क्षणभर सूचना दाखवली असती तरी चालले असते, पण तीही येत नाही. कंपनीला मी हे लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही.

तोवर कार्यालयात साधा यूएसबी कीबोर्ड जोडून काम करतो. बायोसमधील ही निवड केवळ लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डला लागू होते आणि बाहेरच्या कीबोर्डवर एफ१२ ही एफ१२च राहते. ग्राहकाकडे बसून काम करायचे असते तेव्हा मात्र सकाळी निघण्यापूर्वी टॅली उघडून एफ२ दाबून पाहतो: तारीख बदलण्याची चौकट आली तर ठीक, पडद्याचा प्रकाश मंदावला तर एफएन आणि एस्केप. हाच लॅपटॉप एस्केपवरच्या दिव्यासह पाचशे रुपये जास्त देऊन मिळत असता, तर मी तोच घेतला असता.