हिशेब माझ्याकडे होता

मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. सुताच्या वजनात पाच किलोचा फरक दिसला तरी गाडी थांबवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, "एवढंही कळलं नाही का बे तुला?" नाही कळलं. संध्याकाळी सातनंतरचा मी वेगळा माणूस असतो. वीस वर्षं हौशी नाटकांचं बॅकस्टेज केलंय. फ्लॅट, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, ठोकले, प्रॉम्प्टिंग केलं, प्रयोगाच्या रात्री टेम्पोत सेटवर बसून घरी आलो. स्टेजवर कधी गेलो नाही, पण नाटक उभं करणाऱ्यांत आपलं नाव यावं, ही इच्छा होती. मला फसवणाऱ्या त्या माणसानं नेमकी तीच हेरली.

वेळही त्यानं अचूक निवडली. आमच्याकडे राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी झाली की महिनाभर सगळ्या ग्रुपांत सामसूम असते. निकाल मनासारखा लागलेला नसतो, तालमी बंद पडतात, पोरं संध्याकाळी पार्क चौकात नुसती चहा पीत उभी असतात. अशा दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरायला लागली. नवी व्यावसायिक नाट्यसंस्था, दोन अंकी कौटुंबिक नाटक, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात पंचवीस प्रयोगांचा दौरा. कलाकार पाहिजेत, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘प्रशिक्षणार्थी निर्माते’. ऑडिशनला कसलीही फी नाही, हे ठळक अक्षरांत.

नवी पेठेत भाड्यानं घेतलेल्या एका हॉलमध्ये ऑडिशन झाली. पंचेचाळिशीचा, खादीचा कुडता घातलेला माणूस. सगळे ‘सर’ म्हणायला लागले, मीही म्हणू लागलो. आल्या आल्या आमच्या नानांच्या, म्हणजे चाळीस वर्षं रंगभूषा करणाऱ्या म्हाताऱ्याच्या, पाया पडला. मग पोरांसमोर म्हणाला, "ऑडिशनला पैसे मागणारा चोर समजा." अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, हे इथल्या प्रत्येक नाटकवाल्या पोराला पाठ आहे. सरांनी तेही बरोबर जागी पेरलं. दोन दिवसांत चाळीसएक जणांनी ऑडिशन दिली. बावीस जणांची निवड झाली. दोन अंकी कौटुंबिक नाटकाला बावीस जण कशाला लागतात, हा प्रश्न त्या वेळी एकालाही पडला नाही. ज्याची निवड झाली तो असले प्रश्न विचारत नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही नट नाही, तुम्ही निर्माता आहात. तुम्हाला अजून कुणी सांगितलं नाही एवढंच." आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा घशात आवंढा आला होता. चाळीस हजार भरायचे, दौऱ्यात सगळी व्यवस्था बघणाऱ्या सूत्रधाराबरोबर राहून काम शिकायचं, थिएटरच्या तारखा कशा मिळवायच्या, तिकीटविक्रीचा प्लॅन कधी लावायचा, कंत्राटाचा, म्हणजे ठरलेल्या रकमेला विकलेला, प्रयोग कसा ठरवायचा, आणि प्रत्येक प्रयोगाच्या निव्वळ नफ्यात पाच टक्के. आठ प्रयोगांत पैसे वसूल. मी कारखान्याच्या पतसंस्थेतून उचल घेतली. जाताना माझ्या बायकोनं त्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. त्या दोन किलो चटणीचा तिला अजून राग आहे, चाळीस हजारांपेक्षा जास्त.

खरा डाव यानंतर सुरू झाला. चाळीस हजार गेले असते तर मी गप्प बसलो असतो, लाजेनं. पण आठवड्यानं सरांचा फोन आला की कलाकारांची पोशाखाची अनामत, ओळखपत्र आणि प्रवासविमा मिळून प्रत्येकी साडेतीन हजार घ्यायचे आहेत, शेवटच्या प्रयोगानंतर परत मिळतील. "मी बाहेरचा माणूस, पोरं मला कशी देतील? तुम्ही गावातले. तुमच्या खात्यावर घ्या, तुमच्याच हातानं लिहून ठेवा. हिशेब तुमच्याकडे." मला वाटलं, निर्मात्याचं पहिलं काम मिळालं. वहीत रकाने आखले. नाव, तारीख, रक्कम, सही. बावीस जणांचे सत्त्याहत्तर हजार माझ्या खात्यावर आले. काहींनी माझ्याकडे बघून दिले, हे त्यांनी नंतर तोंडावर सांगितलं. ते पैसे मी सरांनी दिलेल्या तीन वेगवेगळ्या यूपीआयवर पुढे पाठवले. एक नाव ‘वहिनींचं’, एक ‘ऑफिसच्या मुलाचं’, तिसरं कुणाचं ते विचारलंच नाही. कारखान्यात एका पार्टीनं तीन वेगळ्या नावांची खाती दिली असती तर मी मालकाला सांगून पेमेंट अडवलं असतं.

तालमी चार दिवस झाल्या. संहिता म्हणून दोन प्रवेशांच्या झेरॉक्स मिळाल्या, नाटककाराचं नाव वरून कापलेलं. मी विचारलं की लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलं का. महाराष्ट्रात तिकीट लावून प्रयोग करायचा तर हे लागतंच, आमच्या गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. "मुंबईला आपला माणूस बसलाय, होऊन जाईल." मी मान डोलावली. करारनामा मागितला तर ओळखपत्र मिळालं. लॅमिनेशन केलेलं, लाल दोरीचं.

नानांना मात्र संशय आला होता, आणि तो कागदावरून नव्हता. "बे, हा माणूस आल्यापासून एकदाबी स्टेज बघायला गेला नाही." मी म्हटलं, नाना, तुम्ही पण. पण म्हातारा बरोबर होता. दौऱ्यावरचा माणूस नव्या गावात उतरला की आधी थिएटर बघतो. विंगा किती खोल, सेट मागच्या दारातून आत जातो का, लाइट टांगायचे बार किती, जनरेटर आहे का. चहा नंतर. सरांनी नेपथ्याचा ‘न’सुद्धा काढला नव्हता.

हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात शुभारंभाची तारीख मिळाल्याची पावती त्यानं फोटो काढून पाठवली. मी रोज स्कूटरवरून तिथूनच जातो. आत जाऊन रजिस्टर बघायला सांगणं, दहा मिनिटांचं काम. गेलो नाही. संशय घेतल्यासारखं वाटेल म्हणून. शेवटी गेलो तेव्हा सरांचा फोन दोन दिवस बंद होता, आणि त्या तारखेला एका शाळेचं स्नेहसंमेलन लागलेलं होतं. नवी पेठेतल्या हॉलला कुलूप. मालक बाहेरच उभा, चार दिवसांचं भाडं मलाच मागत होता. का, तर चावी माझ्या नावावर घेतलेली.

त्याच आठवड्यात पगार खात्यावर पडला आणि एटीएमनं पैसे द्यायला नकार दिला. बँकेत कळलं की खात्यावर होल्ड आहे. बावीस जणांपैकी एका पोराच्या मामानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार दिली होती. त्यानं पैसे पाठवले होते माझ्या खात्यावर. मग कागदोपत्री चोर कोण? १९३० हा आकडा सोलापूरकराला वेगळा पाठ करावा लागत नाही. १९३० साली मार्शल लॉ इथंच लागला होता, आणि पुढच्या वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात फासावर गेलेल्या चौघांच्या नावानंच ते नाट्यगृह उभं आहे. तो आकडा माझ्याविरुद्ध फिरवला जाईल असं कधी वाटलं नव्हतं. मामा चुकला नाही, हेही सांगतो. त्यानं जे केलं ते मी तीन आठवडे आधी करायला हवं होतं. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तो फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. आमच्या वेळी तिन्ही खाती रिकामी होऊन गेली होती.

पोलिसांसमोर मला वाचवलं ते त्या वहीनं आणि खात्याच्या उताऱ्यानं. प्रत्येक आलेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी पुढे गेलेली, एक रुपयाही मागे नाही. तपास करणारे साहेब म्हणाले, ती तीन खाती भाड्याची निघतील, कॉलेजच्या पोरांची, महिन्याला दोन-तीन हजार घेऊन दिलेली. पूर्वी चारशेवीस म्हणायचो, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४). गुन्हा नोंद झाला. माझं खातं सुटायला दोन महिने लागले. तोवर किराणा उधारीवर.

या सगळ्यात एक मुलगी होती. विडी घरकुलात राहते, आई विड्या वळते. आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय जावा. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळते तिच्यातून साडेतीन हजार बाजूला काढायला किती हजार विड्या लागतात, हे मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडलं आणि खोडून टाकलं. तिची आई घरी आली. ओरडली नाही. तेलुगू मिसळलेल्या मराठीत एवढंच म्हणाली, "अण्णा, आमी तुमाला दिले. त्या सराला नाई दिले." तिचे पैसे मी पहिले परत केले. मुलगी पुन्हा तालमीला आली नाही.

आता रिकाम्या वेळी मी जो हिशेब केला, तो चाळीस हजार भरायच्या आधी करायचा होता. थिएटरचं भाडं, सेटचा टेम्पो, बस, लॉज, जेवण, जाहिरात, बारा कलाकारांची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रत्येकी दीड हजार धरली तरी अठरा हजार, लेखकाचं मानधन, बॅकस्टेजची पोरं. माझ्या अंदाजानं ऐंशी हजारांच्या खाली प्रयोग उभा राहत नाही. तिकीट सरासरी अडीचशे धरलं तर ३२० तिकिटं खपली की नुसता खर्च निघतो. आठ प्रयोगांत माझे चाळीस हजार वसूल व्हायचे म्हणजे प्रयोगामागे पाच हजार, म्हणजे निव्वळ नफा एक लाख, म्हणजे दर प्रयोगाला ७२० तिकिटं. नाव नसलेल्या नाटकाला, ओळख नसलेल्या कलाकारांना. आमच्या प्रयोगाला पहिल्या तीन रांगांत घरचेच असतात, तेही पासावर.

बावीसपैकी अठरा जणांचे फेडून झाले. चौघांचे बाकी आहेत, त्यातले दोघे नको म्हणतात, मी ऐकत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात तीच जाहिरात कुणीतरी मला पाठवली. मजकूर तोच, ‘प्रशिक्षणार्थी निर्माते’ची वेगळी ओळ तशीच, ऑडिशनला फी नाही हे तसंच ठळक. शहर लातूर, नंबर नवा. मी फोन लावला. सर नव्हते, एका तरुण पोरानं उचलला. मी विचारलं, अनामतीचे पैसे कुठं पाठवायचे? तो अदबीनं म्हणाला, "काका, माझ्याच खात्यावर पाठवा. सरांनी हिशेब माझ्याकडे दिलाय."

मी त्याला सगळं सांगितलं, वहीसकट. "आमच्या संस्थेचं चांगलं चाललेलं बघवत नाही तुम्हाला," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक आहे. लातूरच्या नाटकवाल्यांत कुणाची ओळख असेल तर हे त्या पोरापर्यंत पोचवा. त्याच्या खात्यावर अजून होल्ड आलेला नसेल.