डीएमएलटीच्या नावाखाली 1,75,500 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नीटचा निकाल लागला की ज्यांना एमबीबीएस-बीडीएस मिळणार नाही, त्या मुलांच्या घरी फोन सुरू होतात. नंबर कसे मिळतात ते तुम्हाला माहीतच आहे. मला फोन करणाऱ्या काउन्सेलर मॅडमना माझं नाव, मार्क, कॅटेगरी सगळं पाठ होतं. दोन वर्षांचा डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, जॉबची शंभर टक्के गॅरंटी, आणि "नंतर स्वतःची लॅब टाक बेटा, रिपोर्टवर तुझीच सही."

हे सहीचं तर धडधडीत खोटं आहे. लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजीच सांगितलंय. टेक्निशियन नमुना घेतो, तपासतो, मशीन चालवतो, पण सही करत नाही. जो कोणी सहीचं गाजर दाखवेल, त्याचं पुढचं काही ऐकूच नका.

पैशांचा हिशोब असा. प्रवेशाच्या वेळी 25,000. पहिल्या वर्षाचे 60,000, दुसऱ्या वर्षाचे 60,000. 'कौन्सिल रजिस्ट्रेशन' म्हणून 12,500 आणि 'प्लेसमेंट'चे 18,000. एकूण 1,75,500. पहिले 25,000 आईने बचत गटातून उचलले होते आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

आता त्या पावतीबद्दल. ती आठवली की आजही डोकं फिरतं. 25,000 च्या पावतीवर कॉलेजचं नावच नव्हतं, कुठल्या तरी ट्रस्टचं नाव होतं. कोर्सच्या रकान्यात डीएमएलटी नाही, 'कौशल्य विकास सेवा शुल्क' असं लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात, रक्कम परत मिळणार नाही. सगळा डाव त्या एका कागदावर उघडा पडला होता आणि कागद माझ्या हातात होता! मी विचारलंही. मॅडम म्हणाल्या, "बेटा, ते ऑडिटसाठी असतं, सगळ्यांना हीच पावती." मागे रांग होती, बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, भिंतीवर 'शासनमान्य' आणि 'आयएसओ प्रमाणित' असे फलक होते. अठरा वर्षांच्या मुलीने त्या काउंटरवर आणखी काय करायचं होतं? ट्रस्टची नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओ यांपैकी कशानेही अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. आणि दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट त्यांनी त्याच दिवशी ठेवून घेतल्या. म्हणजे नंतर शंका आली तरी पाय अडकलेलाच. ओरिजिनल कागद कुणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या.

शिकवणं म्हणजे शनिवार-रविवारचे वर्ग. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या क्षेत्रातल्या डिप्लोमासाठी किमान 2,000 तासांचं शिक्षण सांगितलंय. आमचं त्याच्या जवळपासही गेलं नाही. मायक्रोस्कोप एकच, त्याची 100एक्सची लेन्स खराब. 'इंटर्नशिप' म्हणजे एका कलेक्शन सेंटरवर फुकट राबणं, स्लाइड धुणं आणि घरोघर जाऊन नमुने आणणं.

मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुलाखत झाली. तिथल्या सिनियर टेक्निशियन ताईंनी साधा प्रश्न विचारला. निळ्या टोपणाची ट्यूब अर्धवट भरली तर परत का पाठवतात? मला सांगता आलं नाही. सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) एक भाग आणि रक्त नऊ भाग हे प्रमाण बिघडलं की पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटाच लांबलेला येतो, हे त्यांनीच समजावलं. दोन वर्षांत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. नंतर त्यांनी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा, म्हणजे टेक्निशियनांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलचा, नोंदणी क्रमांक मागितला. माझ्याकडे परराज्यातल्या कुठल्याशा 'बोर्डा'चं चकचकीत सर्टिफिकेट होतं, आणि त्याच्यावर नोंदणी होतच नाही. मग ते 12,500 कशाचे घेतले?

पोलीस ठाण्यात सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा." दोन वर्षं खोटं सांगून पैसे काढले हा दिवाणी मामला कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) मग कशासाठी आहे? खूप वाद घातल्यावर साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. नंतर हद्दीचं कारण, ट्रस्टचं ऑफिस दुसऱ्या जिल्ह्यात म्हणे. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झीरो एफआयआर कायद्यात आहे असं म्हटल्यावर साहेब बाबांना म्हणाले, "मुलीला जास्त शिकवलंत." शिक्षणाच्या कार्यालयात गेलो तर हे वैद्यकीय शिक्षणाचं. तिथे गेलो तर हे कौशल्य विकासाचं. तिकडे गेलो तर "आम्ही या संस्थेला ओळखतच नाही." अहो, ओळखत नाही म्हणूनच तर तक्रार आहे! भर चौकात 'शासनमान्य' असा बोर्ड लागतो, दरवर्षी बॅच भरते आणि ते पाहणं एकाही खात्याचं काम नाही? एका टेबलवर तर मलाच विचारलं, चौकशी का नाही केलीस. चौकशी करायला पगार कुणाला मिळतो?

तक्रार कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

या कामात खरंच यायचं असेल तर बारावी सायन्सनंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवीचा कोर्स आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही चालतो. पॅरामेडिकल शिक्षण दूरस्थ पद्धतीने द्यायला यूजीसीची मनाई आहे, 'घरबसल्या डीएमएलटी' दिसलं की समजून जा. प्रवेशाआधी संस्थेकडून एवढंच लेखी मागा: परीक्षा कोण घेणार, सर्टिफिकेट कोण देणार, त्यावर परिषदेची नोंदणी मिळते का. मग तेच परिषदेकडे स्वतः विचारा, संस्थेने दिलेल्या फोन नंबरवर नाही. आधी पास झालेल्या दोघा-तिघांचे नोंदणी क्रमांक मागा. देत नसतील तर उठा. रोख रक्कम अजिबात देऊ नका, आमच्या 18,000 चा तर कागदच नाही.

माझ्या बॅचच्या मुलामुलींनो, पावत्या आणि मेसेज जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. एकेकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, आपण सगळ्यांनी एकत्र तक्रार द्यायची आहे. कारण त्या संस्थेचे प्रवेश यंदाही चालू आहेत, आणि पहिला हप्ता आता 30,000 केलाय.